चेहरा हर्मन्नीचा, हात विल्प्पूचा

आमच्या कैस्लानिएमी गावात काउकोला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याशी सलग पाच मिनिटं बोलला आहे असाही सापडायचा नाही. तो बोलायला लागला की आधी घसा खाकरतो, मग थोडा थांबतो, आणि पुष्कळदा तिथेच आवरतं घेतो. त्याची बायको एल्वी होती तोवर उरलेलं वाक्य ती पुरं करायची. ती गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्याची वाक्यं अर्धीच राहतात, आणि गावानेही ती तशीच घ्यायची सवय लावून घेतली आहे.

तो मूळचा आमच्याकडचा नाही. सव्विसाव्या वर्षी उत्तरेकडून आला, सरोवरातून ओंडक्यांचे तांडे ओढणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायला. पुढे ओंडके ट्रकमधून जाऊ लागले, बोट विकली गेली, आणि काउको शाळेच्या बॉयलरवर लागला. बाहेर उणे तीस असलं तरी मुलांना वर्गात कोट काढून बसता यावं, एवढंच त्याचं काम. त्याच्या कारकिर्दीत थंडीमुळे शाळा एकदाही सुटली नाही. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात हे सांगितलं तेव्हा काउको खाली बॉयलरखोलीत जाऊन बसला होता. केकचा तुकडा त्याला तिथे नेऊन द्यावा लागला.

संगणकाचा नाद त्याला एल्वीच्या माघारी लागला. तिचा लॅपटॉप इतका मंद झाला होता की तो चालू करून भांडी घासून यावं, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चाललेलंच. तालुक्याच्या दुकानात म्हणाले, टाका हा, नवा घ्या. पण त्यात एल्वीचे फोटो होते, पावाच्या पाककृती होत्या, टाकायला काउकोचं मन होईना. इंटरनेटवर लिनक्स नावाची फुकट संगणकप्रणाली वापरणारी मंडळी एकमेकांना मदत करतात तिथे त्याने चार दिवस विचार करून दोन ओळींचा प्रश्न टाकला. कुणी एक 'पाणकोंबडा' अशा टोपणनावाचा माणूस होता. ना ओळख ना पाळख, पण तीन संध्याकाळी बसून त्याने काउकोला एकेक पायरी सांगितली आणि त्या जुन्या यंत्रावर लिनक्स उभं करून दिलं. फोटो वाचले, पाककृती वाचल्या, आणि यंत्र तुरुतुरु चालायला लागलं. आभार कसे मानू, असं काउकोने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "पुढच्या माणसाला सांग म्हणजे झालं."

काउकोने ते अक्षरशः मनावर घेतलं. तेव्हापासून गावातला मरायला टेकलेला प्रत्येक संगणक त्याच्या दाराशी येतो आणि महिन्याभराने बरा होऊन परत जातो.

म्हणूनच, बूट शिवणाऱ्या आल्पोच्या जुन्या छपरीत काचेच्या निगेटिव्हची अकरा खोकी सापडली, तेव्हा गावाच्या मंडळाची अध्यक्ष मार्युक्का सरळ काउकोकडे गेली. आल्पो जाऊन कैक वर्षं झाली होती. बूट शिवता शिवता तो गावाचे फोटोही काढायचा. लग्नं, गवतकापणी, नव्या होड्या, मेलेले आणि जन्मलेले. जवळजवळ अकराशे काचा होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि एकीवरही नाव नाही. मार्युक्काचं म्हणणं असं की, स्कॅनर मंडळ आणेल, एक जुना लॅपटॉप ग्रंथालयाने टाकून दिलेला आहे तो काउकोने बरा करावा, काचा संगणकात घ्याव्यात, आणि नावं साइमा सांगेल.

"साइमा काय म्हणाली?" काउकोने विचारलं.

"नाही म्हणायला तिला काही कारण दिसत नाही, असं म्हणाली."

आमच्या भागात याचा अर्थ 'आनंदाने' असा होतो. इकडे सरळ बोलणं जरा उद्धटपणाचं समजतात. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी, 'तुमच्याकडे आज ऊब चांगली दिसते,' असं म्हणणारी ही माणसं.

साइमा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. चौदाव्या वर्षी सहकारी दुकानाच्या काउंटरमागे उभी राहिली ती बासष्टाव्या वर्षी बाजूला झाली. साखर, रॉकेल, खिळे, कापड, कोट, हातमोजे, जे जे गावाने घेतलं ते तिच्या हातून घेतलं. त्यामुळे गावातला चेहरा न् चेहरा तिला समोरून, दोन हातांवरून, चांगल्या उजेडात पाहिलेला. काउको बोटीवरून पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिला 'तुम्ही' म्हणाला होता. तिने काउंटरवरून हात पुढे केला आणि म्हणाली, "मी साइमा. तू म्हण. मी काही पाद्र्याची बायको नाही." त्या दिवशी हातात हात दिला, तेव्हापासून दोघं तू-तुकारीवर. गावाने आपल्याला घेतलं, असं काउकोला त्या क्षणी वाटलं होतं, आणि हे त्याने तिला कधीही सांगितलेलं नव्हतं.

आता तिचे डोळे चालले होते. नजरेच्या मधोमध एक करडा डाग, कडेकडेने तेवढं दिसायचं. दर सहा आठवड्यांनी शहराच्या इस्पितळात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. तिची मुलगी आन्नेली कुओपिओला राहते. तिने तिथे वृद्धांच्या घरात आईसाठी एक खोली बघून ठेवली होती. मायलेकींचा एक करार होता, आणि तो साइमाने काउकोला पहिल्याच मंगळवारी सांगितला.

"गावातली माणसं मला ओळखू येतात तोवर मी इथे. ओळखेनाशी झाली की आन्नेली म्हणेल तिथे. असं मीच बोलून बसले. मोठ्या तोऱ्यात."

काम जुन्या शाळेच्या स्वयंपाकघरात चालायचं, दर मंगळवारी अकराला. साइमा बर्फावर पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून यायची. गाडीच्या बैठकीवर पिशवी, पिशवीत वेलचीचा पाव. आल्यावर आधी कॉफी, मग काम. याला कुणाचीच हरकत नव्हती. पहिल्या अडचणीतही कॉफीनेच तारलं.

अडचण अशी की काउकोने लॅपटॉप बरा केला खरा, पण तो होता म्हातारा आणि एकेक फोटो मात्र पहिलवान. लिनक्सबरोबर आलेला फोटो दाखवायचा प्रोग्राम आधी फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंची छोटी छोटी चित्रं करत बसायचा. पंखा असा घुमायचा की काउकोला आपली बोट आठवायची. फोटो उमटेस्तोवर साइमाची कॉफी निम्मी व्हायची. "दिवसाला दहा माणसं झाली तर," ती म्हणाली, "उरलेल्यांची नावं मला वर जाऊन त्यांनाच विचारावी लागतील."

काउको घरी गेला आणि दुसरा प्रोग्राम शोधायला बसला. लिनक्समध्ये याचा तोटा नाही. एका कामाला वीस प्रोग्राम, आणि प्रत्येकाची बाजू घेऊन भांडणारी वीस माणसं. त्याने एकेक आणून बसवला, मंगळवारी साइमापुढे ठेवला, आणि ती काय करते ते नुसतं पाहत राहिला.

एक प्रोग्राम फोटो उघडण्याआधी ते स्वतःच्या संग्रहात घेऊ का म्हणून विचारायचा, आणि घेतले की चेहऱ्यांभोवती चौकटी काढून 'हे कोण?' असा प्रश्न टाकायचा. साइमा दुखावली. "मी सांगायचं की त्याने? एकदा ठरवा." दुसरा बरा होता, पण माउसचं चाक जरा हललं की फोटो बदलायचा, आणि साइमाचा हात कापतो. तिसऱ्याला वर-खाली-आजूबाजूला इतकी बटणं, इतक्या पांढऱ्या पट्ट्या, की तिच्या डोळ्यांना त्या उजेडानेच पाणी यायचं. फोटो मधे कुठेतरी, खिडकीत अडकलेल्या पाखरासारखा.

काउकोला तेव्हा उमगलं की हलका प्रोग्राम म्हणजे नुसता लवकर उघडणारा नव्हे. साइमाच्या आणि आल्पोच्या काचेच्या मधे जो उभा राहणार नाही, तो हलका.

असा एक अखेर मिळाला. उघडला की काळाभोर पडदा आणि एक फोटो, बस्स. बटण नाही, पट्टी नाही, नाव नाही. सगळं कीबोर्डवरून. कळ दाबायचा अवकाश की पुढचा फोटो हजर. एक कळ मोठं करायची, एक लहान करायची, बाणांनी इकडेतिकडे सरकायचं. आणि काउकोला सगळ्यात आवडलं ते हे, की हा प्रोग्राम फोटो फक्त दाखवतो. फिरवा, मोठा करा, काही करा, मूळ फाइलला तो बोट लावत नाही. माहितीपत्रक दोनच पानांचं, काउकोने ते तीनदा वाचलं. पाच कळांवर त्याने रंगीत लोकरीचे तुकडे चिकटवले, म्हणजे साइमाला बोटाने कळावं.

साइमाने लाल लोकरीची कळ दाबली. फोटो. पुन्हा दाबली. फोटो. ती एकदम ताठ बसली, काउंटरमागे असावं तशी.

"हा आपल्याकडचाच आहे ना रे, हा लिनक्स?"

"म्हणजे... सुरुवात आपल्याकडच्याने..."

"मग बरोबर. लागतं तेवढंच बोलतो."

पहिली चार खोकी नोव्हेंबर-डिसेंबरात संपली. साइमा मान तिरकी करून नजरेच्या कडेने चेहरा टिपायची, आणि नाव यायचं. नावामागून घर, घरामागून उधारी नाही की भांडण नाही, तर काय घ्यायचा ते. "हा निस्कानेन, पोस्टाकडचा, याला बारीक खिळेच लागत." काउको वहीत लिहायचा. त्याचं अक्षर लहान होतं आणि त्या दोन महिन्यांत तो फार सुखात होता.

पाचवं खोकं उघडलं आणि सगळं बिघडलं.

साइमा फोटोकडे बघायची, काहीतरी ओठांवर यायचं, आणि ती मान हलवायची. "नाही. हे आपले नाहीत." बायकामुलांचे काही फोटो तिने ओळखले, तेही चाचरत. पण जिथे मागे किनारा होता, घर होतं, धक्का होता, तिथे ती अडायची. हा किनारा आपला नाही. होडीघर या अंगाला नव्हतंच. ही माणसं आपल्यासारखी दिसतात, पण आपली नाहीत, कुणा दुसऱ्या गावाचं खोकं आल्पोकडे आलं असणार.

आणि मग हर्मन्नीचा फोटो आला.

"हा हर्मन्नी," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही. हा हर्मन्नी कसा असेल?"

हर्मन्नीचा डावा हात करवतीच्या कारखान्यात गेला होता. पलीकडच्या किनाऱ्यावर विल्प्पू नावाचा माणूस होता, त्याचा उजवा गेला होता. दोघं दर हिवाळ्यात मिळून हातमोज्यांचा एकच जोड घ्यायचे. साइमा काउंटरवर जोडाचा दोरा कापायची, उजवा हर्मन्नीला, डावा विल्प्पूला. वीसेक वर्षं तिने तो दोरा कापला होता. यात चूक व्हायची शक्यताच नव्हती. आणि फोटोतल्या माणसाची उजवी बाही टाचलेली होती.

"चेहरा हर्मन्नीचा, हात विल्प्पूचा," ती हळू आवाजात म्हणाली. "असा माणूस नव्हता, काउको. असा माणूस माझ्या डोक्यात तयार झालाय."

त्या दिवशी पाव तसाच राहिला.

काउकोला वाटलं, चूक त्याच्या प्रोग्रामची. फोटो फार भराभर येतात, साइमाला विचाराला उसंत मिळत नाही. पहिल्या रडतखडत चालणाऱ्या प्रोग्रामबरोबर, एकेक फोटोला निम्मा कप कॉफी होती, तेव्हा ती निवांत असायची. म्हणून पुढच्या मंगळवारी त्याने पुन्हा तो जुना प्रोग्राम लावला. पंखा घुमला, कॉफी निवली, फोटो आला. साइमाने बराच वेळ पाहिलं.

"तू यंत्राला दोष देतोयस," ती म्हणाली. "चांगला आहेस. पण तुझा तो मुका प्रोग्रामच लाव. निदान लवकर तरी कळतं की मला येत नाही."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पाचव्या आणि सहाव्या खोक्यातले एकशे साठ फोटो वहीत 'आपले नाहीत' म्हणून लिहिले गेले. साइमाने आन्नेलीला फोनवर सगळं सांगून टाकलं. वचन ते वचन. आन्नेलीने स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली, आणि खोली अजून रिकामी आहे का तेही विचारून ठेवलं. हे साइमाने काउकोला सांगितलं ते असं, की कुओपिओला म्हणे खिडक्या मोठ्या असतात. काउकोने घसा खाकरला, पण पुढे काही आलं नाही. आपण हे काम तिच्यापुढे आणलंच नसतं तर तिला कधी कळलंच नसतं, हे त्याच्या मनात होतं. ज्या बाईने काउंटरवरून हात पुढे केला होता, तिला आपण गावाबाहेर काढलं, असं त्याला वाटत होतं.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी साइमा शेवटची म्हणून आली. काम करायला नाही, वहीतली दोन घरनावं दुरुस्त करायला. बर्फ टणक झाला होता, ऊन चांगलं होतं. काउकोने कॉफी ओतली. लॅपटॉप चालू होता, आणि काळ्या पडद्यावर पाचव्या खोक्यातला एक फोटो होता, गवतकापणीनंतरचा, सात पुरुष रांगेत उभे. साइमा कप हातात घेऊन, मान तिरकी करून तो पाहत होती. आता नावं सांगायची नव्हती, म्हणून ती नुसती गिऱ्हाइकांकडे बघावं तशी बघत होती.

"कुठल्या गावचे असतील ते असोत," ती म्हणाली, "पण गडी मजेदार दिसतात. सातही जण बायकोचा कोट घालून आलेत."

"काय?"

"गुंड्या बघ की. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बाईच्या कोटाची उजवी. जन्मभर विकलेत मी. हे सातही बायकी. एखादा गडी घाईत चुकेल. सात?" आणि ती बऱ्याच दिवसांनी हसली.

काउकोने फोटो पाहिला. मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. डावी बाजू वर. पुन्हा फोटो पाहिला.

पहिली चार खोकी त्याने काचेची गुळगुळीत बाजू खाली ठेवून स्कॅन केली होती. मग नाताळच्या आधी त्याने एका संग्रहालयाच्या पानावर वाचलं, की रसायनाच्या थराची बाजू खाली ठेवली तर चित्र जास्त रेखीव येतं. तो काटेकोर माणूस, साइमाच्या डोळ्यांना तेवढीच मदत म्हणून पाचव्या खोक्यापासून त्याने काचा तशा ठेवल्या. चित्रं खरंच रेखीव आली. पण तसं ठेवलं की डावं-उजवं बदलतं, आणि मग चित्र फिरवून घ्यायचं असतं. ते बहुधा त्याच पानावर खाली लिहिलं असणार. काउको तिथवर पोचला नव्हता. स्कॅनिंग तो काळजीने करत होता, धुळीचा कण न् कण टिपत होता, आणि किनारा कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आल्पोच्या काळातला किनारा त्याने पाहिलेलाच नव्हता.

त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला, आणि तो त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितला. घरी जाऊन सगळे फोटो गुपचूप फिरवून टाकावेत. पुढच्या आठवड्यात म्हणावं, साइमा, एकदा पुन्हा बघ. ती ओळखेल. कुणाला काही कळणार नाही. पण मग साइमाला वाटलं असतं की तिचं डोकं जातं आणि येतं. आज आलं, उद्याचा भरवसा नाही. ती ते ओझं घेऊन जगली असती, आणि काउको ते बघत बसला असता.

त्याने घसा खाकरला.

"साइमा, चूक तुझी नाही. माझी आहे. काचा मी उलट्या ठेवल्या. पाचव्या खोक्यापासून सगळ्या."

एवढं सरळ वाक्य त्या स्वयंपाकघरात बहुधा कुणीच बोललं नव्हतं. साइमाने कप खाली ठेवला. त्याने मागे जाऊन हर्मन्नीचा फोटो लावला. त्या दोन पानी माहितीपत्रकात एक कळ होती, चित्र आरशासारखं फिरवणारी. तिच्यावर त्याने लोकर चिकटवली नव्हती, कारण तिचा उपयोग काय हे त्याला समजलं नव्हतं. त्याने ती दाबली.

पडद्यावरचा माणूस जागच्या जागी फिरला. टाचलेली बाही त्याच्या डाव्या हाताची झाली. होडीघर आपल्या जागेवर गेलं. किनारा आमचा झाला.

साइमाने पडद्यापाशी हात नेला, काचेला न लावता तसाच धरला.

"उजवा मोजा," ती म्हणाली. "उजवा मोजा याला."

"हो."

"म्हणजे मी बरोबर होते."

"तू बरोबर होतीस."

"अंथरुणात पडल्या पडल्या घोकत होते रे मी. घरामागून घर. पोस्टापासून धक्क्यापर्यंत, आणि तिथून परत. एकही चुकत नव्हतं. मग इथे आले की सगळं..." ती थांबली. तिचं उरलेलं वाक्य काउकोलाही पुरं करता आलं नाही.

तो म्हणाला, की तिने हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, त्याची तयारी आहे. साइमाने डोळे पुसले, आणि कॉफी गार झाली म्हणून ती तेवढी बदलून मागितली.

"शिव्या कशाला? तू सांगितलंस. न सांगता निस्तरलं असतंस तर मी मरेपर्यंत स्वतःला वेडी समजले असते. वही काढ. तू खोडून टाकलेल्या त्या एकशे साठ माणसांना पुन्हा बोलाव."

पण त्याआधी तिने तिथूनच आन्नेलीला फोन लावला. काउको उठून बाहेर जाऊ लागला, तर तिने हातानेच बस म्हटलं. तपासणीला ती येणार होती, वेळ घेतली आहे ती फुकट कशाला घालवा. "फक्त तिथल्या डॉक्टरणीला सांगून ठेव," ती मुलीला म्हणाली, "चित्रं दाखवायची असतील तर आधी सरळ लावा म्हणावं." पलीकडून हसू आलं, मग बहुधा रडूही. खोलीचं काय, ते साइमानेच सांगितलं. दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत काउको उभा राहिला. तो स्वतःहून उभा राहिला हीच मोठी गोष्ट होती. त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं, चारही पुरी. सांगून तो बसणार तोच कोपऱ्यातून तेन्होचा आवाज आला. तेन्होने तीस वर्षं सरोवरावर फेरीबोट चालवली आहे.

"मला दिसलं होतं."

पाचव्या खोक्यातले दोन फोटो मार्युक्काने नाताळात ग्रंथालयात लावले होते. तेन्हो त्यांच्यापुढे पाऊण तास उभा होता, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तिला वाटलं, जुन्या आठवणींनी गहिवरलाय.

"मग बोलला का नाहीस?" मार्युक्काने विचारलं.

"कुणी विचारलं नाही. आणि मला वाटलं, हल्ली असंच लावत असतील."

आधी मार्युक्का हसली, मग सगळे. काउकोही हसला. नंतर तो म्हणाला, की त्या हसण्याबद्दल तो जन्मभर गावाचा ऋणी राहील. उपकार केल्यासारखं दाखवून माफ केलं असतं तर त्याला सोसलं नसतं.

त्या आठवड्यात त्याने एक पत्रही लिहिलं. तो मुका प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला, परक्या भाषेत, शब्दकोश घेऊन. दोन दिवस लागले. आमच्या गावी एक बाई आहेत, त्यांना तुमच्या एका कळेमुळे आपलं घर सोडावं लागलं नाही, धन्यवाद, एवढंच. उत्तराची त्याने वाट पाहिली नाही, आणि मला वाटतं आलंही नाही.

मार्युक्काचं म्हणणं होतं की उरलेले सगळे फोटो संगणकाकडूनच एका दमात फिरवून घ्यावेत. काउकोने प्रती करून तशा फिरवल्याही, छापायला आणि लावायला. पण मंगळवारी साइमापुढे मात्र त्याला ते उलटेच लावावे लागतात. फिरवायच्या कळेवर आता हिरवी लोकर आहे, आणि ती कळ तिला स्वतः दाबायची असते. उलटा माणूस सुलटा होताना बघायला तिला आवडतं. दुकानाचं दार उघडून गिऱ्हाईक आत यावं तसं वाटतं, असं ती म्हणते.

परवा आठवं खोकं चालू होतं. साइमाने लाल कळ दाबली, मग हिरवी. पडद्यावर एक तरुण माणूस, टोपी हातात, मागे आमचा चर्चचा रस्ता. तिने मान तिरकी केली. या कडेने पाहिलं, त्या कडेने पाहिलं, मोठं करून पाहिलं. काउको पेन्सिल धरून थांबला. जरा जास्तच वेळ गेला, आणि त्याला उगाच धसका बसला.

"हा मला माहीत नाही," साइमा म्हणाली.

"थोडं अजून मोठं..."

"कशाला? चांगला दिसतोय. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. जत्रेला आला असेल कुठून तरी. सगळं जग काही माझ्या दुकानात येत नव्हतं." तिने पाव कॉफीत बुडवला. "लिही, माहीत नाही म्हणून."

काउकोने लिहिलं. तोवर तिने लाल कळ दाबलीही होती.